दरवाजा तर उघडतोय!

मित्रांनो, मी कुंपणाचा एक जुना लोखंडी दरवाजा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं फिरलेलं आहे. शांत, समजूतदार दरवाजाची गोष्ट ऐकायची असेल तर कोपऱ्यावरच्या चर्चच्या दरवाजाकडे जा.

ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँडमधल्या एका लोहारानं मला घडवलं. आडव्या नळ्या, एक खिट्टी आणि दोन बिजागऱ्या, एवढाच मी. माझी पहिली नोकरी गाईंच्या कुरणावर होती. तिथं पोराटोरांनासुद्धा दोन गोष्टी पाठ असत. दरवाजा जसा सापडला तसा ठेवायचा; उघडा तर उघडा, लावलेला तर लावलेला. आणि चढून जायचंच झालं तर बिजागरीच्या बाजूनं चढायचं, कारण खिट्टीकडून लोंबकळलं की दरवाजा खाली बसतो. गाई माझ्यावर पाठ घासत, मालक दर थंडीत तेल घालत. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढं ते कुरण विकलं गेलं आणि केल्डर्न गावातल्या बायकांच्या दवाखान्यानं मला आणलं. हिरवा रंग दिला. म्हटलं, चला, आता म्हातारपणी आराम. कसला आराम नि कसलं काय! त्या दवाखान्यात कुणी पोटातल्या बाळाच्या तपासणीला येई, कुणी मूल होत नाही म्हणून येई, तर कुणी गर्भपातासाठी. बाहेर मात्र गर्भपाताला विरोध करणारी, फलक घेतलेली माणसं उभी असत. कोण कशाला आली याची त्यांना काय पर्वा? आली की घेरलीच.

एका गुरुवारी लोरेल आली. दुसऱ्यांच्या गोठ्यात गाईंच्या धारा काढणारी, तीन पोरांची आई. चौथं आता झेपणार नाही, हे तिनं आणि नवऱ्यानं मिळून ठरवलं होतं. डॉक्टरीणबाई फक्त गुरुवारी यायच्या. गर्भपाताच्या गोळ्या घ्यायच्या तर पुढच्या गुरुवारपर्यंतच, पुढं त्या चालत नाहीत. नंतर थेट मेलबर्न गाठावं लागणार, तिथं राहावं लागणार, आणि मग गाई नि पोरं कुणाच्या गळ्यात घालायची?

ती माझ्यापर्यंत आली आणि थेल्माबाईंनी तिला गाठलं. थेल्माबाई म्हणजे त्या फलकवाल्यांमधल्या, लोकरीचे मोजे विणत उभ्या राहणाऱ्या आजी. आवाज साखरेसारखा.

"अगं, तू वॉल्टरची सून ना? सासूबाईंना ठाऊक आहे का?"

लोरेलचा चेहरा पांढराफटक पडला. मॉरिस नावाचा त्यांचा दांडगा साथीदार फलक नाचवत पुढं आला. पोरगी मागच्या मागं वळली आणि गाडी घेऊन निघून गेली.

स्वागतकक्षातली ग्लेनिस संतापून बाहेर आली. तिनं पोलीस बोलावला. हवालदार डन्स्टननं काय करावं? त्यानं मला धरलं, उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"दरवाजा तर उघडतोय! मग अडवलं कुठं?"

"अहो, बाई परत गेली ना!"

"ती तिच्या मर्जीनं गेली, ताई. रस्ता मोकळा, दरवाजा मोकळा. कायद्यात एवढंच आहे."

ऐकलंत? म्हणजे मी साक्षीदार! तोही त्या पोरीच्या विरुद्ध! मला विचारा ना, मी उघडत होतो म्हणून ती आत गेली का? पण दरवाजाला कोण विचारतंय?

पुढच्या गुरुवारी लोरेल पुन्हा आली. ही शेवटची संधी, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तिला येताना बघून मॉरिस खुशाल माझ्यावर रेलून बसला, अगदी खिट्टीच्या बाजूला! वरची बिजागरी वाकली, मी जमिनीत रुतलो. मॉरिस चपापून उठला, पण उपयोग काय? ग्लेनिसनं आतून ओढलं, लोरेलनं बाहेरून ढकललं, मी ढिम्म.

डन्स्टन आला. त्यानं मला हलवून बघितलं आणि त्याचे डोळे चमकले.

"आता मात्र झाला हं अडथळा! थांबा, साहेबांना विचारून येतो." आणि गेला गाडीकडे. घ्या! मी मोडलो तेव्हा कुठं कायद्याला जाग आली!

लोरेल थांबली नाही. तिनं पिशवी आत फेकली आणि घाईघाईत खिट्टीकडच्या नळीवर पाय ठेवला. मी कण्हलो.

"बिजागरीकडून चढ गं! वाकेल ना तो!"

कोण ओरडलं असेल? थेल्माबाई! सारा जन्म कुरणावर गेलेला, तोंडातून निघूनच गेलं. मॉरिस त्यांच्याकडे बघतच राहिला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. लोरेल बिजागरीकडून चढली, पलीकडे उतरली आणि ग्लेनिसचा हात धरून आत गेली.

तिकडं मेलबर्नला, मोठ्या लोकांच्या विधिमंडळात मग वर्षानुवर्षं चर्चा झाली. वर्षानुवर्षं, मित्रांनो! अखेर कायदा आला: दवाखान्यापासून दीडशे मीटरच्या आत कुणाला गाठायचं नाही, छळायचं नाही, चोरून फोटो काढायचे नाहीत. फलकवाले आता पार रस्त्याच्या टोकाला, बोलिंग क्लबपाशी उभे राहतात. राहोत बापडे, बोलोत हवं ते. फक्त कुणाची वाट अडवून नको.

कायदा झाला आणि मला सगळे विसरले. तेव्हा कुणीतरी उचलून मला हलतं केलं तेवढंच, बिजागरी अजून वाकडीच. तेलाचा थेंब नाही. उघडलं की असा किंचाळतो, की आत येणारी बाई दचकून मागं बघते. लाज वाटते हो मला त्या क्षणी.

परवा लोरेल आली, तिच्या थोरल्या लेकीबरोबर. कशासाठी, ते मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. लेक फोनवर कुणाशी तरी खिदळत मला ढकलून सरळ आत गेली. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. लोरेल मात्र थबकली. आईच ती, कुणी फलकवाला तर नाही ना, म्हणून तिनं आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. मग माझ्या वाकड्या बिजागरीवरून हात फिरवला.

"आई, चल ना! काय आहे तिथं?" लेक ओरडली.

"काही नाही गं," लोरेल म्हणाली.

जाताना तिनं मला जसा सापडलो तसं लावून ठेवलं. मित्रांनो, तुम्हीही तेवढं करा. आणि कुणीतरी तेल घाला रे!