नंदीचं ‘नको’

“नको,” टॅब म्हणाला.

पिशवीत भरायला घेतलेला फ्रॉक मुरारीच्या हातात तसाच राहिला. त्याने ओटीकडे पाहिलं. भिंतीला पाठ टेकून बसलेल्या त्याच्या लेकीने, नंदीने, मूठ उचलून मांडीवरच्या टॅबवरल्या त्याच चित्रावर पुन्हा टेकवली.

“नको.”

“मॅडम, हे बंद करा ना जरा,” तो समोर बसलेल्या उतेकर बाईंना म्हणाला. “सकाळपासून तेच चाललंय. टेन्शन येतं डोक्याला.”

“ती बोलतेय, मुरारीदादा.”

“बोलतेय ते ऐकू येतंय. बहिरा नाय मी.” त्याने फ्रॉक पिशवीत दाबला. “पण मी करू काय, ते सांगा.”

उतेकर बाईंनी पिशवीबाहेर राहिलेली फ्रॉकची बाही आत सारली.

मीना उतेकर महाडला राहत आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या शाळांमधून फिरत. ज्या मुलांना ऐकू येत नाही, दिसत नाही, बोलता किंवा चालता येत नाही, त्यांना शिकवायचं हे त्यांचं काम. जी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, त्यांच्या घरी बाई जात. नंदीकडे यायचं तर जीपमधून उतरून वाडीपर्यंत डोंगर चढावा लागे. तिचं पाळण्यातलं नाव राजनंदिनी. जन्मली तेव्हा रडली नव्हती. पुढे हातपाय वळत गेले आणि तोंडातून शब्द कधी फुटलाच नाही. ती रांगायच्या वयाची असताना आई तापाने गेली. बाप मुरारी मुंबईला एका हॉटेलात आचाऱ्याच्या हाताखाली कामाला. झोपायचा तिथेच, बाकडी जोडून. नंदीला उचलणं, न्हाऊ घालणं, घास भरवणं, सगळं मुरारीच्या आईने, चिमाबाईने, केलं होतं.

अलिबागच्या प्रशिक्षणात साहेबांनी पडद्यावर एकामागून एक ॲप दाखवली होती. बोललेलं लिहून दाखवणारं, लिहिलेलं वाचून दाखवणारं, चित्राला बोट लावलं की बोलणारं. ज्यांना नेट लागतं ती बाईंनी मनातल्या मनात तिथेच सोडून दिली. वाडीवर रेंज देवळाच्या मागे, तीही वारा पडला असेल तर. चित्रांचं ॲप मात्र नेटशिवाय चालत होतं. तालुक्यासाठी आलेला टॅब त्यांनी भांडून नंदीसाठी घेतला.

पण त्यातली चित्रं परकी होती. बर्गर, बाथटब, बर्फात उभी असलेली गाडी. बाईंनी ती काढून टाकली आणि वाडीतले फोटो काढून घातले: भाकरी, मोरी, शेळी, चिमाबाई. यंत्राच्या आवाजाला नंदी दचकायची, म्हणून शेजारच्या पूजाला, जी नंदीच्याच वयाची, समोर बसवून एकेक शब्द बोलायला लावला. नंदीचा हात एका जागी ठरत नसे. मग पुठ्ठ्याला भोकं पाडून तो पडद्यावर बसवला, म्हणजे मूठ घसरून भलत्याच चित्रावर जायला नको.

कितीतरी महिने काही झालं नाही. नंदी टॅबकडे बघून नुसती हसायची. मग एका सकाळी, बाई समोर असतानाच, चिमाबाई दुधाचा पेला तिच्या तोंडाशी नेत होती आणि मूठ खाली आली. पूजाच्या आवाजात टॅब म्हणाला, “नको.”

चिमाबाईने पेला खाली घेतला. “काय म्हणालीस गो?”

“नको.”

“अगो बाय माझे! दूध नाय आवडत तिला! जन्मल्यापासून पाजतेय मी!” म्हातारी हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. त्या दिवशी अर्धी वाडी ओटीवर येऊन नंदीचं नको ऐकून गेली. त्यानंतर घरात तिला विचारल्याशिवाय ताट वाढलं जाईना. शेळी व्याली तेव्हा करडू आधी तिच्या मांडीवर आणून ठेवलं.

गेल्या आषाढात नंदीला मोरीतून बाहेर आणताना चिमाबाईचा पाय घसरला. स्वतः खाली पडून तिने नात वरच्यावर धरली. खुब्याचं हाड मोडलं. महाडच्या डॉक्टरांनी सळई घातली आणि बजावलं, यापुढे वजन उचलायचं नाही. नंदी आता अंगाने मोठी झाली होती. शेजारणींनी दसऱ्यापर्यंत पाळी लावून केलं. पुढे भातकापणी आली, आणि कुणी कुणाला दोष द्यावा असं काही राहिलं नाही.

बाईंनी ओळखीच्या प्रत्येकाला फोन केले. महाडला दिवसा मुलं सांभाळणारं एक केंद्र होतं, ते केव्हाच बंद पडलं होतं. एकदा त्यांनी घरात विषय काढून पाहिला, की नंदीला आपल्याकडे आणलं तर. नवरा नाही म्हणाला नाही. तो फक्त खाटेवर पडून असलेल्या आपल्या आईकडे पाहत राहिला. शेवटी घाटावर, साताऱ्याच्या पलीकडे, अशा मुलींना ठेवून घेणाऱ्या संस्थेचा पत्ता मुरारीला दिला तो बाईंनीच.

“नको,” टॅब म्हणाला.

आतल्या खोलीतून चिमाबाई काठीवर रेलत दारात आली. “आधी बरं होतं गो बाय,” ती हळूच म्हणाली. “तिला काय कळत नाय, असं धरून चालायचो. आता कसं धरायचं?”

बाईंनी पर्समधून मुरारीचा जुना मोबाईल काढला. टॅब तालुक्यातल्या मुलांसाठी होता, तो तालुक्याबाहेर देता येत नव्हता. म्हणून त्यांनी तेच ॲप, तेच फोटो, पूजाचा तोच आवाज मोबाईलमध्ये घातला होता आणि बारीक भोकांचा नवा पुठ्ठा कापला होता. पण पडदा इवलासा. नंदीची मूठ एका वेळी दोन-तीन चित्रांवर पडत होती, ‘नको’वर नेम धरला की शेजारच्या शेळीवर जात होती. बाईंनी तिचा हात धरून पुन्हा पुन्हा करवून घेतलं, मऊ आवाजात समजावलं, पुठ्ठा वरखाली सरकवून पाहिला. जमेना.

“होईल सवयीने,” त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, त्यांनाही कळलं नाही.

खालून जीपवाल्याने हॉर्न दिला. बाईंनी नंदीच्या मांडीवरचा टॅब उचलला. तिने तो मनगटांत दाबून धरला होता. त्यांना थोडा जोर लावावा लागला. टॅब सुटल्यावरही नंदीची मूठ रिकाम्या मांडीवर तशीच आपटत राहिली. चिमाबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मुरारीने लेकीला पाठुंगळी घेतलं आणि चादरीने कमरेला बांधलं. मोबाईल त्याच्या खांद्यावर, नंदीच्या हाताशी, दोरीने अडकवला होता. मागून बाई पिशवी घेऊन उतरत होत्या. अर्ध्या उतारावर नंदीने मूठ उचलली, सगळं बळ लावून नेम धरला आणि खाली आणली.

“शेळी,” मोबाईल म्हणाला.

नंदीने मान झटकली. घशातून एक आवाज काढला. पुन्हा मूठ आणली.

“शेळी.”

“शेळी घरी ऱ्हायली गो,” मुरारी धापा टाकत म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच हळवा झाला होता. “तिला नाय आणता येत तिकडं. मी फोटो पाठवीन हां तुला.”

ती काय म्हणत होती ते बाईंना कळलं होतं. त्या पायाखालचे दगड बघत उतरत राहिल्या. रस्त्यावर आल्यावर दोघांनी मिळून तिला सीटवर बसवलं, आणि जीप बापलेकीला घेऊन घाटाच्या दिशेने निघून गेली.

फाल्गुनात बाईंनी संस्थेत फोन लावला. तिथल्या काकू बोलायला भल्या होत्या.

“राजनंदिनी ना? फार गुणी मुलगी. काही त्रास नाही बघा तिचा.”

“तिच्याबरोबर एक मोबाईल दिला होता. त्यावर ती बोलते.”

“तो ऑफिसच्या कपाटात ठेवलाय. बाकीच्या पोरी ओढाओढी करतात. तिला कुठं लागतो तो? काही मागत नाही, कशाला नाही म्हणत नाही. जे पुढ्यात येईल ते खाते. पेलाभर दूध रोज घेते न सांडता.”

“ताई, तिला दूध...”

“हो, हो, देतो की दोन वेळा. काळजी करू नका.” पलीकडे कुणीतरी रडत होतं, भांडी वाजत होती. “ठेवू का? वाढायची वेळ झाली.”

त्या आठवड्यात बाई वाडीवर गेल्या. टॅब आता पायथ्याच्या गावातल्या एका मुलीकडे होता. वर येण्याचं तसं काही काम नव्हतं. ओटीवर, जिथे नंदी बसायची तिथे, चिमाबाईने मिरच्या वाळत घातल्या होत्या. ऊन तिथेच चांगलं लागायचं.

“लावलास फोन?” म्हातारीने विचारलं.

“लावला आजी. बरी आहे.”

“जेवते?”

“जेवते.”

“काय बोलते?”

बाईंनी ओटीच्या कडेला चपला काढल्या. “बोलते,” त्या म्हणाल्या.

काठी भिंतीला टेकवून चिमाबाई जपून खाली बसली आणि हाताने मिरच्या एका बाजूला सारू लागली, बाईंना बसायला जागा व्हावी म्हणून.