हॅथर्नच्या घंटेचा सूर

शनिवार असूनही ऑफिस करून क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटवर पोचलो, तर पेनफोल्डबाईंची तिसरी मेल आलेली. सुचित्रा इस्त्रीचे कपडे बाजाच्या पेटीवर रचत होती. दोन वर्षं पेटीचा तेवढाच उपयोग.

"सोमवारी नवी घंटा ओततायत," मी म्हटलं. "नाद जुनीसारखाच हवाय, आणि जुनीचा आवाज कुणाकडेच नाही."

"साठ घरांचं गाव, चारशे वर्षांची घंटा. एकालाही रेकॉर्ड करावीशी वाटली नाही?"

"रोजची गोष्ट कोण रेकॉर्ड करतं?"

लिटल हॅथर्न या इंग्लंडमधल्या खेड्यात माझ्या नोकरीपायी आम्ही तीन वर्षं होतो. पेनफोल्डबाई तिथल्या चर्चचं सगळं बघतात. आमची भिंत चर्चच्या आवाराला लागून. सकाळी आठाची घंटा झाली की सुचित्रा तिच्यावरून षड्ज उचलायची. परक्या देवाकडून सूर उसना घेतेस, म्हणून मी चिडवायचो. "तो परका आहे हे त्याला कुठे माहितीय," ती म्हणायची. रियाज फोनवर टिपून ठेवायची. या हिवाळ्यात घंटा तडकली. आता तिचा नाद उरलाय तो त्या फोनमध्ये, सुचित्राच्या गाण्यामागे.

आणि ते गाणं सुचित्राला ऐकायचं नाही. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर गळा खाली उतरला. गायला हरकत नाही, डॉक्टर म्हणतात. पण इथल्या रामनवमीच्या कीर्तनात पूर्वरंगालाच सूर फाटला. लोक बुक्का, हार घेऊन उभे, आणि ही उत्तररंग न करताच नारदाच्या गादीवरून उतरली. तिच्यामागे टाळ धरण्यापलीकडे मी आयुष्यात फारसं पुण्य केलेलं नाही. तेही थांबलं.

"ती गाणारी बाई गेली," सुचित्रा म्हणाली. "तिचं काही कुणाला पाठवू नका."

आमच्या इरानं हेडफोन काढला. "आई, ट्रिम करते ना मी. फक्त बेल. फाइव्ह मिनिट्स लाह." इथल्या शाळेतलं 'लाह' तिच्या वाक्यांना चिकटलेलंच.

"फक्त घंटा," म्हणत सुचित्रानं फोन लेकीपुढे सरकवला आणि स्वयंपाकघरात गेली.

कापता येईना. ओतणाऱ्यांना नुसता ठोका नको होता, मागे रेंगाळणारा नाद हवा होता. आणि तो विरायच्या आत दर वेळी आईचा सा लागलेला.

"निदान सूर तरी सांग," मी ओरडलो. "कोणता होता?"

"काळी चार." भांड्यांचा आवाज थांबला. "नाही. जरा उतरलेली. पेटी धरली की घंटा खाली राहायची."

"किती खाली?"

"ते काय तोंडानं सांगता येतं?"

ती हात पुसत आली. कपड्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला, भाता उघडला, पट्टी दाबली. मग खालच्या सप्तकात, खरबरीत आवाजात, सा लावला. घसरला. तिनं डोळे मिटून तो पुन्हा घेतला, पेटीच्या किंचित खाली, आणि धरून ठेवला. इरानं फोन जवळ नेला. सुचित्रानं पाहिलं, पण थांबली नाही.

"असा," ती म्हणाली. दम लागला होता.

"हे पाठवू?" इरानं विचारलं.

"पाठव. आणि ते जुनंही जोड. नुसत्या माझ्या भरवशावर घंटा ओतू नका म्हणावं."

मी अजून गठ्ठा घेऊनच बसलेला. "हे कुठे ठेवू?"

"कुठेही ठेवा. पेटीवर नको."