सासऱ्यांचा गुण्या

त्या महिन्यात खाणीतला मोठा पट्टा तिसऱ्यांदा फाटला, आणि तिन्ही वेळा सांध्यापाशीच. खालून कोळसा वर आणणारा तो रबरी पट्टा. त्याची दोन टोकं कापायची, चिकटवायची आणि दाबाखाली भाजून एकजीव करायची, हे काम जोडमास्तरांचं. तीस वर्षांत त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

"सांधा चोख आहे," त्यांनी साहेबांना सांगितलं होतं. "कोळसा एका अंगाला पडत असणार. मग पट्टा कलतो, कड सांगाड्याला घासते आणि सांधा उकलतो."

कोळसा मधोमध पडतो की नाही, यावर लक्ष ठेवायचं काम त्यांच्या मेहुण्याचं. जोडमास्तरांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. पण बोट दाखवायला नाव लागत नाही. आज दुपारी तीनला साहेबांनी मेहुण्याला बोलावलं होतं. कामावरून काढल्याचा कागद तयार होता, असं सगळेच म्हणत होते.

सकाळी डबा हातात देताना बायको म्हणाली, "अहो, माझ्या भावाला या कामाखेरीज काही येत नाही. तुम्ही खरं तेच सांगितलंत ना?"

"खोटं कशाला सांगू?" ते म्हणाले. पण वाटभर तो प्रश्न त्यांच्या मागे चालत राहिला.

मेहुणा पट्ट्याशेजारी उभा होता. "या भावोजी. झोपलोय की जागा आहे, ते बघायला आलात?"

"लोक काहीही बोलतात रे."

"लोकांचं बरं असतं. पट्टा थांबला की मी झोपाळू, चालला की पट्टा गुणी."

जोडमास्तर घटकाभर बघत राहिले. कोळसा अगदी मधोमध पडत होता. त्यांनी पट्टा थांबवायला लावला, सांध्यावर खडूची जाड रेघ ओढली आणि पुन्हा चालू करायला सांगितलं. रेघ आली तसा पट्टा बाजूला सरकला, कड सांगाड्याला घासली. रेघ गेली, पट्टा सरळ झाला. ते दोनशे पावलं पुढे गेले. तिथेही तेच. आणखी पुढे, तेच.

सासऱ्यांनी, म्हणजे मेहुण्याच्या वडिलांनीच, त्यांना हे काम शिकवलं होतं. ते म्हणायचे, "एकाच जागी सगळा पट्टा सरकला तर खोट त्या जागेत. पट्ट्याचा एकच तुकडा सगळीकडे सरकला तर खोट आपल्या हातात."

जोडमास्तर आपल्या खोलीत आले. सासऱ्यांनी दिलेला लाकडी गुण्या खिळ्याला टांगलेला होता. याच काटकोनाला सुरी लावून त्यांनी आजवर प्रत्येक पट्टा कापला होता. त्यांनी तो फळीच्या कडेला टेकवून रेघ मारली, उलटा केला, त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारली. दोन रेघा एकमेकींवर बसायला हव्या होत्या. त्या फाकल्या. वर्षानुवर्षं सुरी घासून लाकूड एका टोकाला झिजलं होतं. अरुंद पट्ट्यात ते खपून गेलं. यंदाच्या रुंद पट्ट्यात केसभराचं बोटभर झालं होतं.

ते फळीसमोर बसून राहिले. गुण्या परत खिळ्याला टांगला, तर विचारणारं कुणी नव्हतं. तीनला दहा मिनिटं कमी होती.

साहेबांच्या खोलीत मेहुणा खुर्चीच्या टोकावर बसला होता. जोडमास्तरांनी गुण्या टेबलावर, त्या कागदावरच ठेवला.

"सांधे वाकडे आहेत," ते म्हणाले. "तिन्ही माझेच. कोळसा नीट पडतोय, मी आज बघितलं. आधी न बघताच बोललो."

साहेबांनी गुण्या उलटसुलट करून पाहिला. "मास्तर, तुम्ही बोलला नसता तर हे कुणाच्या बापाला कळलं नसतं."

"ज्याच्या बापाचा हा गुण्या, तो समोर बसलाय, साहेब."

साहेबांनी कागद फाडला. मग जड आवाजात म्हणाले, "सांध्याचं काम यापुढे तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

"आजचा तेवढा करू द्या. वाकडा ठेवून जाववत नाही."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

पट्टा थांबवून जुना सांधा कापला. या वेळी जोडमास्तरांनी दोरी घेतली, एक टोक मेहुण्याच्या हातात दिलं आणि पट्ट्यावर आखलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे भरतात का, ते मापलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"ताणून धर."

"धरलंय." मेहुण्याने विचारलं, "भावोजी, बाबांच्या वेळी गुण्या सरळ होता ना?"

"होता," जोडमास्तर म्हणाले. "माझ्या हातात झिजला."

मेहुण्याने दोरी आणखी थोडी ताणली.