पांढऱ्या धाग्याचा धोटा

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर मी तुम्हाला लाकडाची छोटी होडी वाटेन, पण पाण्यात मी कधी उतरलो नाही. मी एक जुना धोटा आहे, भिवंडीत टेमघरच्या एका कारखान्यातला. माझ्या पोटात धाग्याची कांडी बसवतात आणि मी मागाच्या उभ्या धाग्यांमधून धावत आडवा धागा विणत जातो.

आमच्या मागावर लाल-पांढऱ्या चौकटींचे रुमाल होतात. त्यासाठी दोन धोटे लागतात. लाल धाग्याचा तो, पांढऱ्याचा मी. खरे सांगतो, मी त्याच्यावर जळत असे. आम्ही एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलो, धावतोही सारखेच. पण जो तो कापडावर हात फिरवून म्हणे, "लाल काय खुललाय." पांढऱ्याचे नाव कोणी काढत नसे. तो धावू लागला की मागाच्या कडेच्या पेटीत पडल्या पडल्या मी म्हणे, याचा धागा तुटो.

वीस वर्षे आमचा माग अय्यूबभाई चालवतात. रोज सकाळी ते आम्हा दोघांवरून तेलाचे बोट फिरवतात. आधी त्याच्यावरून, मग माझ्यावरून. मला त्याचाही राग येई.

शेजारचा माग खारबावचा कुमार चालवतो. तो काम शिकला अय्यूबभाईंकडेच. एके दिवशी कारखान्याचे मालक अफजलशेठ आले आणि म्हणाले, "अय्यूबभाई, तुमच्या मालात परवा पण खोट निघाली. कुमारचा एक धागा चुकत नाही. आता चुकलात तर हा चौकटीचा माग त्याला देणार. तुम्ही साधं कापड विणा."

मग शेठ कुमारच्या पाठीवर हात ठेवून बोलत उभे राहिले. अय्यूबभाईंची नजर त्या हातावरून हलेना. तेवढ्यात माझी कांडी संपली. त्यांनी न बघताच हाताला लागली ती कांडी माझ्या पोटात बसवली. ती लाल होती.

मित्रांनो, माझा आनंद काय सांगू. आता मीही लाल. मी असा धावलो, असा धावलो की वीतभर कापड कधी झाले ते कळले नाही. शेठ चहाला बाहेर पडले, तेव्हा कुमारने येऊन माग बंद केला.

"अय्यूबभाय, चौकटी गेल्या कुठं? नुसतं उभं पट्टंच हायेत."

मी खाली पाहिले. पांढरी आडवी रेघ नव्हती, म्हणून एकही चौकट नव्हती. लालही खुलला नव्हता. जिकडेतिकडे लालच, तर त्याच्याकडे बघणार कोण?

अय्यूबभाई मटकन बसले. "माझा माग गेला."

"लक्ष कुठं व्हतं तुमचं?"

"तुझ्या पाठीवर."

कुमार हसला. "मंग बरं बघितलंत. ही पाठ बडवूनच तुम्ही काम शिकवलंत न्हाय का मला? उठा. शेठचा चहा लांबलाय."

दोघांनी मिळून ते वीतभर विणकाम धागा धागा करून उसवले. शेठ परतले तेव्हा थोडे उरले होते. कुमार काहीतरी बहाणा सांगणार, तोच अय्यूबभाई म्हणाले, "चूक माझी, शेठ. कुमारने पकडली. नजर त्याची चांगली आहे."

शेठनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "उसवताय ते नीट उसवा," एवढेच म्हणाले आणि निघून गेले. माग अजून अय्यूबभाईंकडेच आहे.

तेलाचे बोट आजही आधी त्याच्यावरूनच फिरते. कधी कधी मला अजून टोचते, खोटे कशाला बोलू? पण मग माझ्या पोटात पांढरी कांडी बसते आणि मी धावतो.

मित्रांनो, चौकटीचा रुमाल हाती आला तर खुशाल आधी लाल बघा. मग बोट थोडे पुढे सरकवा. तिथे मी आहे.