विटेचे उपयोग, थोडक्यात

बाईंच्या हातात काही पडलं की ते नीटनेटकं झालंच म्हणून समजा. कपाट असो, फळा असो, नाहीतर मुलांची वाक्यं. सत्तावीस वर्षं वह्यांच्या समासात त्यांचा एकच लाल शेरा: 'थोडक्यात लिही.' त्यामुळे सहावीच्या बेचाळीस मुलांची कल्पकता चाचणी वेबसाइटवर भरायचं काम आलं, तेव्हा त्यांनी ते एकाच दुपारी हातावेगळं केलं आणि वर म्हणाल्या, "हात्तिच्या, एवढंच होय?"

चाचणी साधी होती. विटेचे सुचतील तेवढे उपयोग लिहा. मुलांच्या कागदांवरची उत्तरं भरली की यंत्र प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचं. नेहमीच्या उत्तराला कमी, सहसा कुणाला न सुचणाऱ्याला जास्त. पहिल्या येणाऱ्या मुलाला विद्यापीठाच्या उन्हाळी लेखन कार्यशाळेत जागा होती. शाळेच्या वाट्याला एकच. बाईंनी ती मनातल्या मनात केव्हाच एकीला देऊन टाकली होती. मागच्या बाकावरच्या चिमणीला वर्गात बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा, पण तिचे निबंध वाचताना बाईंचा चहा गार होऊन जायचा.

आज निकाल लागला. चिमणी एकोणचाळिसावी.

मधल्या सुट्टीत ती हळूच टेबलाशी आली. "बाई, मशीनला माझं आवडलं नाही का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्राला काय डोंबल कळतंय! त्यांनी तिथल्या तिथे चाचणी चालवणाऱ्या विद्यापीठातल्या संशोधक मुलीला फोन लावून तिची यथेच्छ खरडपट्टी काढली. त्या बिचारीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तिचा मूळ कागद आहे? जरा वाचता का?"

बाईंनी गठ्ठ्यातून कागद ओढला आणि चष्मा चढवला. "'वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि आजीच्या पायाशी ठेवायची. मग आजीला वाटतं, आजोबा अजून शेजारी बसलेत.'"

"अगं बाई, किती सुंदर!" संशोधक म्हणाली. "पण माझ्याकडे नुसतं 'शेकण्यासाठी' आलंय."

बाईंनी कागद पुन्हा वाचला. 'शेकण्यासाठी' त्यांनीच लिहिलं होतं. टाइप करताना पाल्हाळ काढून टाकला होता, सवयीने, सगळ्या बेचाळीस जणांचा. चिमणीचं तर काहीच उरलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यादी पाच वाजता कायम होणार होती. भरताना चूक झाली असं शाळेने लेखी कळवलं तर दुरुस्ती चालेल, पण मग सगळ्यांचंच पुन्हा भरावं लागेल, असं संशोधकाने सांगितलं. मुख्याध्यापक कुरकुरले, "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कशाला स्वतःची शोभा करून घेता?"

"झालीच आहे शोभा, सर. सही करा," बाई म्हणाल्या.

मग त्या संगणकाला चिकटल्या. आडवंतिडवं, लांबलचक, जसं लिहिलं होतं तसं. 'काढून टाक, काढून टाक' म्हणून बोटं नुसती शिवशिवत होती. पाचला सात मिनिटं असताना शेवटचा कागद संपला.

नवी यादी उघडली. चिमणी पहिली! बाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या आणि दाराबाहेर दप्तर घेऊन थांबलेल्या चिमणीला आत बोलावलं. ती पडद्यावरचं आपलं उत्तर बोट फिरवत वाचत राहिली.

"सगळं लिहिलंत? एवढं मोठं?"

"सगळं."

"मग वहीत मी असं लिहिलं की तुम्ही का खोडता?"

टेबलावर तपासायच्या निबंधांचा ढीग होता, वरचीच वही चिमणीची. बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. "बस इथे. ही वही तूच मला वाचून दाखव."