चार पिनांचा धडा

शाळेच्या मुतारीत शिरताना विज्ञानाचे सर नेहमी नाकाला रुमाल लावत. त्या दिवशी मात्र वासापेक्षा भिंतीचीच त्यांना किळस आली. पिवळ्या पडलेल्या फरश्यांवर पेनाने आणि खिळ्याने ओरखडून काढलेले अवयव! बाईचे, पुरुषाचे, सगळे अवाढव्य आणि सगळे चुकीच्या जागी. खाली तोंडातून काढवणार नाहीत असे शब्द.

"शी! शाळा आहे की उकिरडा?" सर ओरडले. सफाईच्या मावशी बादली घेऊन दारातच उभ्या होत्या. "मावशी, हे आजच्या आज गेलं पाहिजे!"

"जाईल की. बारा वर्षं घासतेय. आठवड्याभरात नवं येतं."

"लाजच नाही या कार्ट्यांना."

"लाज आहे म्हणून तर इथं काढतात, सर. नसती तर वर्गात तुम्हाला विचारलं असतं."

सरांच्या कपाळाला आठी पडली. "वर्गात काय शिकवायचं ते मला कळतं."

"शिकवता कुठं?" मावशींनी तारेचा ब्रश बादलीत बुडवला. "वर्ष सुरू झालं की तुम्ही स्टेपलर घेऊन बाकाबाकावर फिरता. त्या एका धड्याला चार पिना ठोकता. दुसऱ्या दिवशी वर्ग झाडायला गेले की वाकड्या झालेल्या पिना माझ्या सुपलीत! पोरं धडा उघडतात हो. चित्रं बघतात. समजावणारं कोणी नाही, मग उरलेलं स्वतःच्या डोक्यानं इथं पुरं करतात."

वीस वर्षं ते प्रजननसंस्थेच्या धड्याला पिना मारत आले होते. 'घरी वाचा' एवढंही ते म्हणत नसत.

तेवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या एका चेहऱ्यावर गेली. दोन वेण्या आणि जाडजूड मिशा. खाली लिहिलं होतं, 'सरांचा की सरांची?'

त्यांची मुलगी त्यांच्याच वर्गात होती. दोन महिने ती तोंडावर रुमाल धरून बसायची. "सर्दी आहे," म्हणायची आणि तेही मान डोलवायचे. आज तर पोट बिघडल्याचं सांगून ती घरीच राहिली होती.

सरांनी मावशींच्या हातातला ब्रश ओढून घेतला आणि तो चेहरा स्वतः घासून काढला. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते घरी गेले.

बायको कामावर गेली होती, घरात मुलगी एकटीच. ती न्हाणीघरात ओकत होती. आंबूस वास घरभर पसरला होता. बेसिनमध्ये सरांचा दाढीचा वस्तरा, त्याला चिकटलेले बारीक केस आणि रक्ताचा थेंब. मुलीची हनुवटी कापली होती. सरांना पहिली वाटली ती किळसच, आणि पुढच्याच क्षणी त्या किळसेचीच लाज वाटली. ते पुढे झाले. तिच्या पायाशी गोळ्यांची रिकामी पट्टी होती. मूल होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या!

"हे काय आहे? कोणी दिल्या तुला या?"

"मैत्रिणीनं. तिच्या आईच्या आहेत." मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. "त्यात बायकांचं काहीतरी असतं म्हणाली. म्हणून रोज चार-चार घेतल्या."

"पण कशाला, बाळा?"

"मी पुरुष होत चाललेय, बाबा." तिचा बांध फुटला. "पाच महिने पाळी नाही. दाढी येतेय. आईला विचारलं, तर म्हणाली, ई, बाबांसमोर असलं बोलू नकोस. मग पुस्तकात बघणार होते. पण तुम्ही पिना मारल्या होत्या ना! मी त्या काढल्या नाहीत. सगळ्या वर्गात मी एकटीच असेन."

सरांना आजवर आज्ञाधारक मुलांचा अभिमान वाटे. त्या क्षणी तो शब्द त्यांना काट्यासारखा टोचला.

ते तिला तसेच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी तपासलं, सोनोग्राफी आणि रक्ताच्या चाचण्या करून घेतल्या. दोन दिवसांनी मुलीकडे वळून त्या म्हणाल्या, "तू पुरुष वगैरे काही होत नाहीयेस हं. पुरुषांचं म्हणतात ते संप्रेरक प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच. तुझ्यात ते जरा जास्त तयार होतंय. त्यामुळे अंडाशयातली अंडी वेळेवर पिकत नाहीत, पाळी लांबते, केस येतात. पुष्कळ मुलींना होतं. औषध आहे. पण मनानं गोळ्या घ्यायच्या नाहीत, समजलं?" मग सरांकडे पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"विज्ञान शिकवतो," सर कसेबसे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात सरांनी फळ्यावर गर्भाशय काढलं, दोन्ही बाजूंना अंडवाहिन्या आणि बदामाएवढी अंडाशयं. शेजारी वृषण आणि शुक्रवाहिनी. मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर खडू धरून थांबले.

"हसून घ्या. मीही वीस वर्षं तोंड लपवलं, तेही हसण्यासारखंच आहे. झालं? आता वर बघा. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. या सगळ्यांना हुकूम तिथून सुटतात..."

तास संपत आला तेव्हा एक हात वर गेला. त्यांच्याच मुलीचा. तिने तोंडावरचा रुमाल खाली घेतला.

"सर, संप्रेरकं कमीजास्त झाली की चेहऱ्यावर केस येतात. मला तेच झालंय. मुलग्यांमध्येही असं बिघडतं का?"

कोणीतरी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सर उत्तर देणार, तोच तिसऱ्या बाकावरून बारीक आवाज आला, "सर, मला पण होतंय. मला वाटलं, मी एकटीच."

मंडळी, आपल्या देहात घाण वाटावी असा एकही अवयव नाही. हृदय जितकं स्वच्छ तितकंच गर्भाशय, जितकी मूत्रपिंडं तितकीच वृषणं. किळस करायचीच असेल, तर मुलाने प्रश्न विचारल्यावर आपल्या तोंडून निघणाऱ्या त्या 'ई'ची करा. ती 'ई' ऐकून मूल गप्प होतं, आणि गप्प झालेलं मूल मग कोणाच्या हातून काय गिळेल, याचा नेम नसतो!