छप्पर, टाकी आणि अर्धा डझन अंडी

"निसर्गाइतका थोर इंजिनियर झाला नाही आणि होणार नाही!" असं माझ्या भाच्याने हात उंचावून जाहीर केलं आणि टोळाच्या पायांवरून सुचलेल्या, स्वतःच बनवलेल्या खुर्चीत तो बसला. खुर्चीने टोळासारखीच उडी घेतली. भाचा जमिनीवरूनच पुढे बोलत राहिला. सवयीचा माणूस.

भाचा आर्किटेक्ट आहे. तीन वर्षं त्याच्या साहेबांनी त्याच्याकडून फक्त स्वच्छतागृहांचे आराखडे काढून घेतले. आता कुठे एका शाळेच्या जेवणघराचं छप्पर त्याच्या वाट्याला आलं होतं. मध्ये एकही खांब नाही, जाडी चार बोटं, सिमेंट निम्म्याहून कमी. थेट अंड्याच्या कवचासारखं. शाळेच्या समितीने मंजूर केलं तर ठीक, नाहीतर बसस्थानकाच्या मुताऱ्या साहेबांनी त्याच्यासाठी राखून ठेवल्याच होत्या.

आकडेमोड त्याच्या बायकोची, म्हणजे आमच्या सुनेची. ती स्ट्रक्चरल इंजिनियर. म्हणजे नवऱ्याला जे सुचतं ते उभं राहील की पडेल, हे सांगणारी. ऑफिसातही आणि घरातही. तिचं एकच म्हणणं होतं, "छपरावर पाण्याची टाकी नको. कवचावर भार सगळीकडे सारखा पसरला तर ते कितीही झेलेल. एकाच जागी टोचलं की कारभार आटोपला."

शाळेच्या अध्यक्षीणबाईंचंही एकच म्हणणं होतं. टाकी छपरावरच. टाक्या छपरावरच असतात. सुनेने चार पत्रं लिहिली. चारही पोचल्याचं कळवण्यात आलं.

"लोक पत्रं वाचत नाहीत गं," भाचा म्हणाला. "मी बाईंच्या हातात अंडं देतो. दाबा म्हणतो. फुटतच नाही. बाई गार!"

"आधी घरी करून बघ."

त्याने केलं. पहिली अकरा फुटली. दोन दिवस आम्ही तिघं दोन्ही वेळा ऑम्लेट खात होतो. बाराव्या वेळी सुनेने त्याला लग्नाची अंगठी काढायला लावली, आणि अंडं शाबूत राहिलं.

"अंगठी टोचते. बाईंनाही काढायला सांग, विसरू नकोस."

"मी काय लहान आहे का?"

हे वाक्य बोलला की तो हमखास विसरतो, हे मी त्याच्या शाळेपासून पाहत आलोय. म्हणून बैठकीच्या दिवशी सकाळी, दोघं आवरण्याच्या गडबडीत असताना, मी सोबत न्यायची सहाही अंडी गुपचूप उकडली आणि पुन्हा खोक्यात ठेवली. फुटलंच तर निदान बाईंच्या मांडीवर बलक नको.

अंडी सांभाळायला म्हणून मलाही नेलं होतं. भाचा निसर्गावर पंधरा मिनिटं बोलला आणि त्याने बाईंच्या हातात अंडं ठेवलं. बाईंच्या बोटात हरभऱ्याएवढा खडा होता. सुनेने टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली. ती मला लागली.

बाईंनी मूठ आवळली. कडाक!

समितीचे खजिनदार खुर्चीसकट मागे सरकले. सांडलं मात्र काहीच नाही. बाईंनी चष्मा वर केला.

"हे उकडलेलं आहे."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"ही फसवणूक आहे!" खजिनदार म्हणाले. भाच्याच्या डोळ्यांपुढे मुताऱ्यांची रांग उभी राहिलेली मला स्पष्ट दिसली.

तेवढ्यात सून उठली. "फसवायचं असतं तर फुटू दिलं असतं का? बाई, कुठे फुटलंय ते बघा."

खड्याच्या जागी खळगा पडला होता आणि सगळे तडे तिथूनच निघाले होते.

"ही तुमची टाकी," सून म्हणाली. "आता अंगठी काढा आणि दुसरं दाबा. उकडलं तरी कवच तेच आहे."

अंगठी निघेना. साबण लावल्यावर निघाली. बाईंनी दुसरं अंडं मुठीत घेतलं आणि दाबलं. चाळीस वर्षं वर्गात पोरांचे कान पिळलेला हात होता तो. बाई लाल झाल्या, मग जांभळ्या. अंडं ढिम्म.

बाईंनी आराखडा पुढे ओढला, छपरावरच्या टाकीवर फुली मारली आणि अंगणात एक चौकोन काढला. "टाकी इथे, वेगळ्या खांबांवर. छप्पर मंजूर. लिहा."

भाचा गहिवरून उभा राहिला. "बाई, आज निसर्गाने..."

"खाली बस," बाई म्हणाल्या. एव्हाना त्यांनी फुटलेलं अंडं सोलून घेतलं होतं. "कुणाकडे चिमूटभर मीठ आहे का?"